गच्चीवरच्या काजळीचा पेपर : सातारा-सांगलीच्या अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,
रसायनशास्त्र अभ्यास मंडळ आणि भौतिकशास्त्र अभ्यास मंडळ,
तसेच सातारा व सांगली जिल्ह्यांतील विज्ञान महाविद्यालयांचे प्राचार्य

विषय : तृतीय वर्ष बी.एस्सी.साठी वातावरणीय रसायनशास्त्र व एरोसॉल भौतिकी हा दोन्ही विभागांनी मिळून शिकवायचा पेपर सुरू करणेबाबत

महोदय, महोदया,

मागणी आधी मांडते, कारणे मागून येतील. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला वातावरणीय रसायनशास्त्र आणि एरोसॉल भौतिकी असा एक पेपर असावा. अर्धा रसायनवाल्यांनी शिकवावा, अर्धा भौतिकवाल्यांनी, आणि प्रॅक्टिकल दोघांनी मिळून घ्यावे. तेही शक्यतो प्रयोगशाळेबाहेर : गच्चीवर, उसाच्या फडाच्या बांधावर, महाबळेश्वरच्या धुक्यात. मी याच पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. अभ्यास मंडळाच्या बैठकीला मला कुणी बोलावणार नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

एरोसॉल म्हणजे हवेत तरंगणारे घन किंवा द्रव कण. धूळ, धूर, समुद्राच्या फेसातून उडालेले मीठ, परागकण, आणि वायूंपासून हवेतच नव्याने तयार झालेले सल्फेट-नायट्रेटचे कण. आकार काही नॅनोमीटरपासून काही दशक मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटर त्याचाही हजारावा). सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांच्या व्यासात दहा हजार पटींचा फरक सहज पडतो. हे कण कोणत्या वायूंपासून आणि कसे जन्मतात हा रसायनशास्त्राचा भाग. ते कसे वाढतात, एकमेकांना चिकटतात, पडतात, प्रकाश विखुरतात हा भौतिकीचा. एकाशिवाय दुसरा अर्धवट राहतो, आणि आपल्याकडे दोन विभागांच्या मधली भिंत जाड आहे. माझ्या मते विषय आपल्याकडे न येण्याचे खरे कारण ही भिंत आहे. पैसा वगैरे नंतर.

कारण या विषयाचे बहुतेक सामान आपल्या सध्याच्या अभ्यासक्रमातच पडून आहे. द्रवातून किंवा हवेतून पडणाऱ्या गोळीला किती विरोध होतो ते सांगणारा स्टोक्सचा नियम घ्या. ग्लिसरीनच्या उंच नळीत पोलादी गोळी सोडायची, स्टॉपवॉच लावायचे, स्निग्धता काढायची, जर्नलवर सही घ्यायची. पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. तोच नियम हवेतल्या कणाला लावला, तर पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर पडतो. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून जमिनीवर यायला त्याला जवळपास तास लागतो. १ मायक्रॉनचा कण शांत हवेत अख्ख्या दिवसात जेमतेम ३ मीटर खाली येतो. ०.१ मायक्रॉनचा तर दिवसाला काही सेंटिमीटर. या शेवटच्या आकाराला स्टोक्सचे सूत्र जसेच्या तसे चालतही नाही. कण इतका लहान की हवेच्या रेणूंमधले अंतर त्याला जाणवू लागते आणि विरोध अपेक्षेपेक्षा कमी पडतो. त्यासाठीची दुरुस्ती कनिंगहॅमने १९१० साली दिली. मिलिकनलाही तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा भार काढताना स्टोक्सचा नियम दुरुस्त करून घ्यावा लागला होता. मिलिकनचा प्रयोग आपण शिकवतो, ती दुरुस्ती मात्र 'परीक्षेला नाही' म्हणून गाळतो.

थरातून जाताना प्रकाश किती कमी होतो ते सांगणाऱ्या बिअर-लॅम्बर्टच्या नियमाचे तेच. कलरिमीटर, पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे द्रावण, पाच-सहा संहती, आलेखावर सरळ रेषा. हाच नियम सूर्यप्रकाशाला लावता येतो. सूर्य डोक्यावर असताना किरणांना हवेचा थर कमी जाडीचा लागतो, कलताना जास्त जाडीचा. निरभ्र दिवशी सकाळपासून ठरावीक अंतराने एकाच रंगातली तीव्रता मोजायची, तिचा लॉगॅरिथम थराच्या जाडीसमोर मांडायचा. रेषेच्या उतारावरून आकाश त्या दिवशी किती गढूळ होते ते हाती येते. एक एलईडी, एक छोटा ॲम्प्लिफायर आणि मल्टिमीटर एवढ्यात हे उपकरण इलेक्ट्रॉनिक्सची मुले बसवतील. राउल्टचा नियम, प्रथम कोटीच्या अभिक्रिया, प्रकाशरसायनशास्त्र हेही सगळे आपण शिकवतोच. मुलांना सुटे भाग दिलेत, गाडी कधी जोडून दाखवली नाही.

आता गच्चीकडे येऊ. फेब्रुवारी-मार्चमध्ये साखर कारखान्याच्या आसपासच्या कोणत्याही गावात कुरडया, सांडगे, पापड वाळत घातलेले असतात आणि त्यावर काळे पापुद्रे येऊन बसतात. 'आज परत काजळी पडली' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बॉयलरमध्ये बगॅस (उसाचा चोथा) जळतो, त्याची ही अर्धवट जळालेली राख. बायका चिडतात, गावात चर्चा होते, कधी निवेदन जाते. पण पापडावर दिसणारा तो पापुद्रा फुफ्फुसाच्या दृष्टीने सगळ्यांत कमी धोक्याचा. तो नाकातच अडतो. जो कण पापडावर दिसत नाही, दिवसभरात दोन-तीन मीटरसुद्धा खाली येत नाही, तो श्वासाबरोबर खोल जातो. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार त्यांचे प्रमाण २४ तासांच्या सरासरीने घनमीटरला ६० आणि वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे १५ आणि ५ वर आणले. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला दिल्लीच्या हवेचा निर्देशांक मोबाइलवर बघता येतो, पण आपल्या गल्लीत पीएम २.५ किती असेल याचा अंदाज तो बांधू शकत नाही. हा दोष त्याचा नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. मानके पाळू न शकलेल्या शहरांच्या यादीत सांगलीचे नाव आहे. (साताऱ्याचे नाही, यावरून सातारकरांनी कॉलर उडवू नये.) शहरासाठी आराखडा होतो, निधी येतो, रस्ते झाडायची यंत्रे येतात, फवारे येतात. धूळ किती रस्त्याची, किती चुलीची, किती डिझेलची, किती पाचटाची (म्हणजे तोडणीनंतर फडात उरलेल्या उसाच्या वाळक्या पाल्याची), हा प्रश्न सोडवणारी माणसे मात्र बाहेरून बोलवावी लागतात. ती इथेच का तयार होऊ नयेत?

पाचटाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा हिवाळा त्याच्या वासाचा असतो. गळीत हंगाम सुरू झाला, तोडणी झाली की संध्याकाळी फड पेटतात. कृषी खाते वर्षानुवर्षे सांगते आहे की पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा, कुजवा. काही शेतकरी ऐकतात; बाकीचे मजुरी, उंदीर आणि खोडव्याची घाई ही कारणे सांगतात, आणि ती खोटी नसतात. धूर मात्र वर जात नाही. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार होते, वरची उबदार राहते. थंड हवा जड, ती खालीच बसते, आणि तिच्यात मिसळलेला धूरही. डिसेंबरात पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढलेल्या कोणालाही विचारा : खाली शहरावर करडा थर आणि त्याची वरची कड जवळजवळ पट्टीने आखल्यासारखी. तापमानाचे हे उलटे पडणे आपण भूगोलाच्या पुस्तकात एका आकृतीत संपवतो.

पण कापसाच्या वातीच्या दिव्याचा, चुलीचा, ट्रकचा आणि पाचटाचा धूर वेगळा ओळखायचा कसा? इथे रसायन विभागाने पुढे यावे. वनस्पती जळल्या की त्यांच्यातले पोटॅशियम बारीक कणांत येते आणि ते पाण्यात विरघळते. पंपाने हवा ओढून फिल्टरवर कण गोळा करायचे, फिल्टर ऊर्ध्वपातित पाण्यात हलवायचा, गाळायचा आणि फ्लेम फोटोमीटरवर पोटॅशियम मोजायचे. फ्लेम फोटोमीटर बहुतेक महाविद्यालयांत असतो, खताच्या नमुन्याच्या एका प्रॅक्टिकलपुरता बाहेर निघतो आणि उरलेले वर्ष आच्छादनाखाली धूळ खातो. मातीतूनही पोटॅशियम येते, म्हणून सोबत कॅल्शियम मोजायचे. धूळ जास्त असेल तर कॅल्शियमही वाढलेले दिसते. हंगामाआधीचे, हंगामातले आणि हंगामानंतरचे नमुने शेजारी ठेवले की मुलांसमोर वाद घालण्याजोगे काहीतरी येते. अचूकता संशोधनपत्रिकेत छापण्याइतकी नसेल. नसू दे. बी.एस्सी.च्या मुलाला आपल्या आकड्यावर शंका घ्यायला शिकवणे हे पेपर छापण्याहून मोठे काम आहे.

तासगावकडच्या मुलांसाठी आणखी एक विषय दाराशी आहे. बेदाण्याला पिवळसर रंग यावा म्हणून काही ठिकाणी गंधकाची धुरी देतात. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, हे आठवीतले मूलही सांगेल. पुढे त्याचे काय होते, हे एम.एस्सी. झालेल्यांनाही सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे. तो वायू तसाच राहत नाही. दिवसा सूर्याच्या अतिनील किरणांनी ओझोन फुटतो, त्यातून निघालेला ऑक्सिजनचा अणू पाण्याच्या वाफेशी भिडतो आणि हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची एक अतिशय क्रियाशील जोडी, तयार होतो. घनसेंटिमीटरमध्ये हवेचे रेणू अडीच लाख कोटी कोटींच्या घरात, म्हणजे २५ वर अठरा शून्ये. त्यांत हे मूलक दहा लाखांच्या आसपास. एकेकाचे आयुष्य सेकंदभराचे. एवढ्या नगण्य संख्येने वातावरणातले बहुतेक सगळे घाणेरडे वायू हळूहळू जाळले जातात. खालच्या थरात हे मूलक असे काम करत असणार, हे लेव्हीने १९७१ मध्ये मांडले. म्हणजे हा विषय आपल्यातल्या कित्येक प्राध्यापकांपेक्षा वयाने लहान आहे.

हायड्रॉक्सिलच्या हल्ल्याने सल्फर डायऑक्साइडचे सल्फ्युरिक आम्ल होते. ढगाच्या थेंबात शिरला तर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हातून आणखी लवकर होते. आम्लाला अमोनिया भेटतो. अमोनियाची आपल्याकडे काय कमी? उसाला टाकलेल्या युरियातून आणि प्रत्येक गोठ्यातून तो उठतोच आहे. दोन्हींचा मिळून अमोनियम सल्फेटचा कण बनतो, एक मायक्रॉनपेक्षा लहान, जो पाऊस येईपर्यंत दिवसेंदिवस हवेत राहतो आणि शेकडो किलोमीटर जातो. बेदाण्याच्या शेडमधले गंधक औष्णिक वीजकेंद्राच्या तुलनेत किरकोळ असणार, शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचा माझा हेतू नाही. पण द्राक्षबागाईतदाराच्या मुलीला रासायनिक गतिकी शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

आणि ढग. इथे तर आपण लॉटरी लागलेल्या माणसासारखे तिकीट हरवून बसलो आहोत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगभौतिकीची प्रयोगशाळा सुरू केली. तेरा-साडेतेराशे मीटर उंचीवर, पावसाळ्यात ढगाच्या आत. जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी विमान घेऊन ढगात शिरावे लागते. इथे ढग खिडकीतून आत येतो. मांढरदेवला याच संस्थेचा रडार आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सुमारे शंभर किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात हे एवढे अंतर. यासाठी परदेशातून शास्त्रज्ञ येतात. आपली मुले महाबळेश्वरला सहलीला जातात, मक्याचे कणीस खातात आणि परत येतात.

ढगाचा थेंब नुसत्या वाफेपासून तयार होत नाही. स्वच्छ, निष्कण हवेत वाफेचे थेंब व्हायचे तर सापेक्ष आर्द्रता ४०० टक्क्यांच्याही पुढे न्यावी लागते. कण हजर असेल तर १०० च्या वर अर्धा टक्काही पुरतो. लहान थेंबाच्या वक्र पृष्ठभागावरून पाणी लवकर उडते, हा केल्व्हिनचा परिणाम. विरघळलेले मीठ पाण्याचा बाष्पदाब कमी करते, हा राउल्टचा नियम. दोघांची रस्सीखेच १९३६ मध्ये स्वीडनच्या केलर यांनी एका समीकरणात बांधली. पहिली बाजू भौतिकच्या पेपरात, दुसरी रसायनच्या. दोन्ही विभागांनी एकत्र बसायला आणखी निमित्त कशाला हवे?

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना इंद्रवज्र ठाऊक असते. पाठीमागे सूर्य, समोर दरीत ढग, ढगावर स्वतःची सावली आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलये. १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काही दिवस राहिला आणि त्याने हेच दृश्य पाहिले. ते प्रयोगशाळेत तयार करून बघावे म्हणून तो कृत्रिम ढग बनवायला लागला, आणि त्यातून अभ्रकोष्ठ (क्लाउड चेंबर) जन्माला आला, ज्यात पुढे अणुकणांचे माग दिसले. १९२७ चे नोबेल त्याला मिळाले. बेन नेव्हिसची उंची १३४५ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या पठाराइतकीच. (विल्सन पॉइंटचा विल्सन हा नव्हे, तो मुंबईचा गव्हर्नर.) इंद्रवज्राच्या वलयांची त्रिज्या थेंबाच्या आकारावर ठरते, थेंब लहान तर वलय मोठे. मोबाइलच्या फोटोवरून कोन मोजून ढगातल्या थेंबाचा आकार काढता येतो. असे प्रॅक्टिकल मला विद्यार्थिनी असताना मिळाले असते, तर मी जर्नल वेळेवर पूर्ण केले असते.

हा विषय न शिकवण्याची किंमत गावाने मोजलेली आहे. दुष्काळाच्या वर्षांत आपल्या दोन्ही जिल्ह्यांत 'पवनचक्क्यांनी ढग पळवले' असे बोलले जायचे, आणि शिकलेली माणसेही मान डोलवायची. चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव इथल्या पठारांवर पाती फिरताना दिसत होती, ढग येऊन न बरसता जाताना दिसत होते. डोळ्यांसमोरच्या दोन गोष्टी माणूस जोडणारच. त्यावर भौतिकशास्त्राच्या पदवीधराने शांतपणे सांगायला हवे होते की पात्यांचा पसारा जमिनीपासून शे-सव्वाशे मीटरपर्यंत, पूर्वेकडच्या ढगांचा तळ त्याच्या कितीतरी वर. की त्याच वर्षी पवनचक्कीचे नखही नसलेल्या तालुक्यांतही पाऊस नव्हता. की घाटमाथ्यावर चढताना ओलावा गाळून बसलेली हवा पूर्वेला उतरताना दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी तापते आणि ढग तिथेच विरतात. माण-खटाव आणि जत-आटपाडीचा दुष्काळ पवनचक्कीच्या कितीतरी आधीचा आहे. हे सांगणारे आपल्या वर्गांतून बाहेरच पडले नाहीत, त्यामुळे गैरसमज मोकळा फिरला.

आता कृत्रिम पावसाचे आश्वासन तसेच फिरते. दर दुष्काळात कोणीतरी भाषणात विमान उडवतो. याच हवामान संस्थेने सोलापूर परिसरात मेघबीजनाचे प्रयोग केले आहेत. कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळून पाणी ओढणारे कण ढगाच्या तळाशी सोडतात, म्हणजे पुन्हा केलरचेच समीकरण. योग्य ढग असेल तर त्यातून थोडा जास्त पाऊस काढता येतो. आकाश मोकळे असेल तर काहीही काढता येत नाही. एवढी दोन वाक्ये ग्रामसभेत उभे राहून सांगू शकेल असा पदवीधर प्रत्येक तालुक्यात असला, तरी माझे समाधान होईल.

कुणी म्हणेल, पर्यावरणाचा पेपर आहे की. आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले म्हणून तो सगळ्यांना सक्तीचा झाला. त्याचे काय झाले ते आपण सगळे जाणतो. प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, मुखपृष्ठावर नाव बदलायचे. 'वायुप्रदूषण : कारणे, परिणाम व उपाय' या शीर्षकाखाली ताजमहाल पिवळा पडतो, झाडे लावा असा उपाय येतो, आणि एकही आकडा विद्यार्थ्याने स्वतः मोजलेला नसतो. विज्ञानाच्या मुलांकडून तरी याहून जास्त मागायला हवे.

मी हा प्रस्ताव पूर्वी एका महाविद्यालयात तोंडी मांडला होता. उत्तर मिळाले : शिकवायला माणूस नाही, उपकरणे नाहीत, आणि मुलांना पुढे स्कोप नाही.

माणसाचे उत्तर वर देऊन झाले. निम्मा विषय एका विभागाला येतोच, उरलेला शेजारच्या विभागाला. दोन प्राध्यापकांनी एकमेकांच्या तासाला बसायची तयारी हवी. हे अवघड आहे, मला मान्य आहे. पुण्याहून शास्त्रज्ञ बोलावणे त्यापेक्षा सोपे.

उपकरणांचे म्हणाल तर प्रकाश विखुरून कण मोजणारे लेझर सेन्सर आता काही हजार रुपयांत येतात. ते सरकारी मोजमाप केंद्राची जागा घेणार नाहीत. साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा लहान कण त्यांना दिसत नाहीत आणि धुक्यात ते वेड्यासारखे वाढीव आकडे दाखवतात. पण हा वेडेपणाच शिकवण्याजोगा आहे. ९० टक्के आर्द्रतेला अमोनियम सल्फेटचा कण पाणी पिऊन व्यासाने सुमारे १.७ पट फुगतो, प्रकाश कितीतरी जास्त विखुरतो, आणि सेन्सर त्या पाण्यालाही धूळ समजतो. शेजारी आर्द्रतामापक ठेवा, चूक किती मोठी आहे ते मुलांकडून काढून घ्या. पावसाचे पाणी गोळा करायला तर बादली आणि स्वच्छ बाटल्या पुरतात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी समतोल साधलेल्या शुद्ध पाण्याचा सामू (पीएच) ५.६. आपल्या देशात धुळीतले कॅल्शियम आम्ल मारते, त्यामुळे सामू पुष्कळदा त्याहून वर निघतो. महाबळेश्वरच्या पावसात समुद्राचे मीठ किती, दहिवडीच्या पहिल्या वळवात कॅल्शियम किती, सांगलीत सल्फेट किती? सामूमापक, वाहकतामापक, टायट्रेशन आणि तोच फ्लेम फोटोमीटर. सगळे आपल्याकडे आहे.

राहिला स्कोप. खोटे बोलणार नाही : या विषयात दरवर्षी शेकडो जागा निघत नाहीत. पालकांना 'एम.एस्सी. ऑरगॅनिक केले की औषध कंपनीत क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) लागतो' हे वाक्य कळते, आणि त्यांचे चुकतही नाही. पण हवामान संस्था पुण्यात १९६२ पासून आहे, हवामान खात्याचे मोठे कार्यालय पुण्यात आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. साताऱ्याहून बसने अडीच-तीन तास. प्रदूषण नियंत्रण मंडळ, सल्लागार कंपन्या, कारखान्यांच्या धुराड्यांतला धूर मोजणाऱ्या प्रयोगशाळा यांनाही आकडा समजणारा माणूस लागतो. ज्याला पुढे जायचे त्याला हेलसिंकी आहे, जर्मनीतले माइन्झ आहे. ओझोनच्या कामासाठी १९९५ चे नोबेल वाटून घेतलेले पॉल क्रुटझेन माइन्झलाच काम करत. हेलसिंकी विद्यापीठाच्या वनविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी ह्यूतिआला नावाच्या जंगलात १९१० पासून एक शिबिरस्थान आहे. पुढे भौतिक, रसायन आणि वनविद्यावाले तिथे एकत्र आले, आणि १९९६ पासून तिथे हवेतल्या कणांचे आकार अखंड मोजले जात आहेत. त्यांच्याकडे पाइनचे जंगल होते. आपल्याकडे कोयनेचे जंगल, कृष्णेचे खोरे, ऊस, द्राक्षे, घाट आणि माणदेश आहे.

अडचण आहे ती माणसांची नाही, उपकरणांचीही नाही. एकत्र बसण्याची आहे. साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले आहे, दोन्ही जिल्ह्यांत काही महाविद्यालये स्वायत्त आहेत. अभ्यासक्रम बदलायला त्यांना फार लांब जावे लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. 'कमवा आणि शिका' ज्या जिल्ह्याने देशाला दिले, तिथल्या वसतिगृहातल्या मुलांना रोज सकाळी पर्जन्यमापक आणि फिल्टर बदलण्याचे काम मानधनावर देता येईल. रविवारीही पाऊस पडतो, आणि रविवारी महाविद्यालयात वसतिगृहाचीच मुले असतात.

तेव्हा विनंती एवढीच. पहिल्या वर्षी दोन्ही जिल्ह्यांतली फक्त चार-पाच महाविद्यालये घ्या, पश्चिमेच्या घाटापासून पूर्वेच्या माळापर्यंत पसरलेली. सगळ्यांनी एकाच पद्धतीने पावसाचे पाणी आणि फिल्टर गोळा करावेत. महाबळेश्वरच्या प्रयोगशाळेला रीतसर पत्र देऊन वर्षातून एक पावसाळी भेट ठरवावी. परीक्षेत पाठांतराचे प्रश्न निम्म्यापेक्षा कमी ठेवावेत आणि उरलेले गुण मुलांनी स्वतः जमवलेल्या आकड्यांवर द्यावेत. कोरे फिल्टर आधी वजन करून ठेवावे लागतात, म्हणून कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी निर्णय झाला तर याच हंगामाचे नमुने हाती येतील. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत जागा नसेल, तर 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या सदरात घेतले तरी चालेल.

आपली विश्वासू,
तासिका तत्त्वावरील एक अध्यापिका,
सातारा जिल्हा